फॉरमॅट मारल्यानंतर : जुने प्रोग्रॅम आणि सेटिंग परत कशी बसवायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एखाद्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल : "फॉरमॅट मारून दिलाय, आता पळतंय बघा." फॉरमॅट म्हणजे जुनं विंडोज काढून नवीन टाकणं, आणि मशीन पळतं हे खरंच. पण घरी आणून चालू केलं की डेस्कटॉपवर रिसायकल बिन एकटाच बसलेला असतो. हिशेबाची टॅली नाही, मराठी फॉन्ट नाहीत, प्रिंटर ओळख देत नाही, ब्राउझरला एकही पासवर्ड आठवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून अकरा टाकून घेणाऱ्यांची रांग लागली आहे. साहजिकच रडत येणाऱ्यांचीही.

तर हे सगळं परत कसं आणायचं ते सांगतो. मी काही इंजिनिअर नाही. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं काम, करता करता आजूबाजूच्या दुकानांची मशीनं बघायला लागलो, तेवढाच अनुभव.

पहिल्यांदा एक आशा सोडून द्या. जुन्या डिस्कवरचं 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डर जसंच्या तसं नव्या विंडोजमध्ये कॉपी केलं तर प्रोग्रॅम चालत नाहीत. घर बदलताना कपाट उचलून नव्या घरात आणता येतं, पण लाइटचा मीटर, गॅसचा नंबर, रेशनकार्डावरचा पत्ता जुन्याच घराचा राहतो ना, तसं. प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना आपल्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, करतो, काही फायली विंडोजच्या पोटात ठेवतो, पडद्यामागे चालणाऱ्या काही सर्व्हिस सुरू करून देतो. नव्या विंडोजला यातलं काहीच माहीत नसतं. अपवाद पोर्टेबल प्रोग्रॅमचा. ते आपलं सगळं सामान एकाच फोल्डरमध्ये घेऊन हिंडतात, त्यामुळे कॉपी केलं की चालतात. बाकीचे नव्यानेच बसवावे लागतात.

मग परत काय आणता येतं? आपण त्या प्रोग्रॅममध्ये केलेलं काम आणि लावून घेतलेली सवय. ते बहुतेक वेळा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतं आणि शाबूत असतं. प्रोग्रॅम काय, अर्ध्या तासात डाउनलोड होतो.

आपलं नेमकं काय झालंय ते ओळखा

सी ड्राइव्ह उघडा. तिथे 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर दिसतंय का? दिसत असेल तर नशीब चांगलं. म्हणजे पार्टिशन (डिस्कचा तो कप्पा) पुसलं नव्हतं, त्याच्यावरच नवीन विंडोज बसवलं. जुनं विंडोज, जुने युजर, जुनं प्रोग्रॅम फाइल्स असं सगळं त्या फोल्डरात गठ्ठा बांधून ठेवलेलं असतं. पण ते कायमचं नसतं. दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून साफ करू शकतं. म्हणून आजच्या आज ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, बाकीचं नंतर वाचा.

दुसरा प्रकार म्हणजे नवीन एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि जुनी हार्ड डिस्क काढून हातात दिली. हा सगळ्यात सोपा. स्वस्तात मिळणारी साटा-टू-यूएसबी केबल घ्या आणि ती डिस्क पेन ड्राइव्हसारखी लावा. लॅपटॉपची डिस्क असेल तर एवढ्यावर भागतं. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. आणि दुकानदाराला "जुनी डिस्क तुमच्याकडंच ठेवा" असं कधीही म्हणू नका.

तिसरा प्रकार 'रीसेट धिस पीसी'मधून 'कीप माय फाइल्स' निवडल्याचा. यात कागदपत्रं राहतात, प्रोग्रॅम जातात. पण विंडोज जाता जाता डेस्कटॉपवर 'रिमूव्ड ॲप्स' नावाची फाइल ठेवून जातं. त्यात काढलेल्या प्रोग्रॅमची यादी असते. लोक ती कचरा समजून उडवतात. उडवू नका.

चौथा प्रकार म्हणजे सगळंच पुसलं गेलंय. त्याचं शेवटाकडे बोलू.

जुनी डिस्क लावल्यावर तिने कुलपाचं चित्र दाखवून की (किल्ली) मागितली तर घाबरू नका. ते बिटलॉकर, विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. ४८ आकडी रिकव्हरी की लागते, आणि ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्यात साठवलेली असते. अलीकडच्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. फॉरमॅटच्या आधी ही की लिहून घेतली असेल तर पुढचा ताप वाचतो.

मार्केट यार्डातली गोष्ट

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानातलं एक मशीन मी फॉरमॅट केलं होतं. करण्याआधी मालकांना शहाण्यासारखं विचारलं, "काका, टॅलीचा डाटा कुठं आहे?" ते म्हणाले, "डी ड्राइव्हमधी, टॅली नावाचं फोल्डर हाय बघ." होतं. मी ते पेन ड्राइव्हवर घेतलं, विंडोज टाकलं, टॅली बसवली, डाटा परत ठेवला, चहा पिऊन घरी आलो. रात्री नऊला फोन.

"भावा, गेल्या सालाच्या पट्ट्या दिसत्यात. ह्या सालाच्या कुठं गेल्या?"

पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद. डीमधलं ते फोल्डर कुणीतरी वर्षभरापूर्वी करून ठेवलेली कॉपी होती. चालू डाटा सीमध्येच होता : युजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डाटा. टॅलीप्राइम न विचारता डाटा तिथेच ठेवते. वाचलो ते केवळ आळसामुळे. घाईत मी पार्टिशन पुसलंच नव्हतं, त्यामुळे विंडोज डॉट ओल्डमध्ये अख्खं पब्लिक फोल्डर जिवंत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सौदे सुरू व्हायच्या आत डाटा बसवला. काकांनी चहा पाजला, पण त्यांची नजर अजून आठवते.

तेव्हापासून मालकाला विचारत नाही, टॅलीला विचारतो. तिच्या फोल्डरमध्ये 'टॅली डॉट आयएनआय' नावाची साधी मजकूर फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली की डाटाचा खरा पत्ता लिहिलेला सापडतो.

जुन्यातलं काय काय उचलायचं

जुन्या युजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तर सगळेच घेतात. खरा ऐवज 'ॲपडेटा'मध्ये असतो आणि तो लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'हिडन आयटम्स'वर टिक करा, मग दिसेल. त्यात रोमिंग, लोकल आणि लोकल-लो अशी तीन फोल्डरं. बहुतेक प्रोग्रॅमची सेटिंग रोमिंगमध्ये सापडतात, ब्राउझरांचा पसारा बराचसा लोकलमध्ये. याशिवाय सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅमडेटा' हे आणखी एक लपलेलं फोल्डर. तेही घ्या.

उघडताना "परवानगी नाही" असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा. जुन्या विंडोजमधला युजर आणि आताचा युजर, नाव एकच असलं तरी विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. म्हणून ते हटकतं. ॲडमिनिस्ट्रेटर असाल तर परवानगी मिळते, फक्त मोठ्या फोल्डरला वेळ लागतो.

मूळ जागेवर काही दुरुस्त करत बसू नका. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग त्या कॉपीतून काम.

यादी काढायची

कोणकोणते प्रोग्रॅम होते हे आठवून लिहायला बसलात तर सहा आठवतात. सातवा नेमका महिनाअखेरीला आठवतो. म्हणून जुन्या डिस्कलाच विचारा. सोपी युक्ती अशी : जुन्या प्रोग्रॅमडेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात स्टार्ट मेनू, त्यात प्रोग्रॅम्स असं शिरत जा. जुन्या स्टार्ट मेनूतली सगळी नावं तिथे शॉर्टकटच्या रूपात पडलेली असतात. मोबाइलने फोटो काढला की झाली यादी. युजरच्या ॲपडेटा-रोमिंगमध्येही असंच एक स्टार्ट मेनू फोल्डर असतं, तेही बघा.

पक्की यादी हवी असेल, आवृत्तीच्या आकड्यासकट, तर रजिस्ट्री एडिटर उघडा. डावीकडे 'एचकी लोकल मशीन'वर क्लिक करा, फाइल मेनूतून 'लोड हाइव्ह' घ्या आणि जुन्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिगमधली 'सॉफ्टवेअर' नावाची फाइल निवडा. नाव विचारेल, 'जुनं' या अर्थाचं काहीही इंग्रजीत द्या. मग त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल या वाटेने गेलात की एकेका प्रोग्रॅमची नोंद दिसते. बत्तीस बिटवाले प्रोग्रॅम 'वॉव६४३२नोड'खाली याच वाटेने मिळतात. बघून झालं की 'अनलोड हाइव्ह' करायला विसरू नका. आणि जुनी रजिस्ट्री उचलून नव्यात ओतायची कल्पना डोक्यात आली तर ती तिथेच सोडा. नव्या विंडोजचा पार इस्कोट होतो.

बसवण्याचा क्रम

आधी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-वायफायसारख्या भागांशी विंडोजची ओळख करून देणारे छोटे प्रोग्रॅम. वायफाय किंवा नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, तात्पुरतं नेट मिळतं. मग विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, बरेचसे ड्रायव्हर तेच आणतं. एखादा जुना स्कॅनर किंवा कार्ड अडून बसलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' करून 'ब्राउज माय कॉम्प्युटर' निवडा आणि जुन्या विंडोजमधलं सिस्टम३२, त्यातलं ड्रायव्हरस्टोअर, त्यातलं फाइलरिपॉझिटरी हे फोल्डर दाखवा. कंपनीच्या साइटवरून गायब झालेला ड्रायव्हर तिथे सापडलेला मी पाहिलाय.

मग प्रोग्रॅम. ज्याचा त्याचा प्रोग्रॅम त्या त्या कंपनीच्या साइटवरून. गुगलवर शोधलं की वर दिसणाऱ्या जाहिराती आणि 'फ्री डाउनलोड'ची हिरवी बटणं यांच्यापासून लांब राहा. क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स चुकवून प्रोग्रॅम चालवायच्या युक्तीबद्दल, तर बोलायलाच नको. एका ठिकाणी क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करून ठेवला होता, आणि त्याच मशीनवर बँकेचं काम चालायचं!

नेहमीचे, फुकटचे प्रोग्रॅम एकेक करून बसवायचा कंटाळा असेल तर 'निनाइट'च्या साइटवर हवे तेवढे टिक करा, एकच फाइल सगळे बसवते.

सेटिंग परत आणायची पद्धत

एकच रीत बहुतेक ठिकाणी चालते. प्रोग्रॅम बसवा. एकदा उघडा, म्हणजे तो आपलं कोरं फोल्डर तयार करतो. मग पूर्ण बंद करा. घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत तो लपून बसला नाही ना, तेही बघा. ॲपडेटामधल्या त्याच्या कोऱ्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा आणि त्याच नावाने जुनं फोल्डर तिथे आणा. आता उघडा. चाललं तर ठीक, नाहीतर जुनं काढून कोरं परत ठेवायला दहा सेकंद. हे करताना प्रोग्रॅम चालू राहिला तर बंद होताना तो आपली कोरी सेटिंग तुमच्या जुन्यावर लिहून टाकतो. मग माणूस म्हणतो, "कॉपी केलं तरी येत नाही."

फायरफॉक्स या बाबतीत सगळ्यात गुणी. रोमिंगमधल्या मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स या वाटेवरच्या जुन्या प्रोफाइलमधला सगळा मजकूर नव्या प्रोफाइलमध्ये ओतला की बुकमार्क, इतिहास आणि पासवर्डसुद्धा परत येतात, कारण पासवर्डची किल्ली त्याच फोल्डरात असते. क्रोमचं तसं नाही. त्याचे पासवर्ड विंडोजच्या युजरशी बांधलेले असतात, त्यामुळे फोल्डर कॉपी केलं तरी ते उघडत नाहीत. गुगल अकाउंटशी सिंक चालू होतं तर साइन इन केल्यावर आपोआप येतील. नव्हतं तर 'बुकमार्क्स' नावाची एक फाइल तेवढी वाचवता येते. ती लोकलमधल्या गुगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट इथे असते. पासवर्ड मात्र 'फरगॉट' दाबत दाबत नवे करायचे.

टॅलीत डाटाचं फोल्डर परत ठेवल्यावर कंपनी निवडताना 'स्पेसिफाय पाथ' देऊन तो पत्ता दाखवा. आत नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतील, एकेक म्हणजे एकेक कंपनी. नवीन आवृत्ती डाटा मायग्रेट करू का विचारते. हो म्हणण्याआधी एक कॉपी बाजूला ठेवा, कारण तो डाटा परत जुन्या आवृत्तीत उघडत नाही. लायसन्स फॉरमॅटच्या आधीच सरेंडर करायचं असतं. राहून गेलं असेल तर सिरीयल नंबर आणि टॅली डॉट नेट आयडी घेऊन पुन्हा ॲक्टिव्हेट करा. तो आयडी ज्या ईमेलवर आहे तो ईमेल दुकान सोडून गेलेल्या पोराचा निघाला तर त्याला शोधायला लागतं. आमच्याकडे हे दोनदा घडलंय.

आता फॉन्ट. हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा जास्त बोलतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर देवनागरीच दिसणारा) नसतो. फाइलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. फॉरमॅटनंतर लग्नपत्रिकेची जुनी फाइल उघडली तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी उलटसुलट इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो आणि माणूस समजतो, फाइल करप्ट झाली. झालेली नसते. काहीही न बदलता, सेव्ह न करता बंद करा. जुन्या विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर उघडा, हवे ते फॉन्ट निवडा, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणा. आधीच आहे असं एखाद्याबद्दल विचारलं तर नको म्हणा. तिथे सापडले नाहीत तर युजरच्या ॲपडेटामधल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथे बघा. एकट्या युजरपुरते बसवलेले फॉन्ट तिकडे जातात. टायपिंगचा कीबोर्ड मात्र वेगळा. त्यासाठी सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी जोडा आणि इनस्क्रिप्ट की फोनेटिक ते निवडा.

वर्डमध्ये तुम्ही शिकवलेले शब्द रोमिंगमधल्या मायक्रोसॉफ्टच्या 'यूप्रूफ' फोल्डरात असतात, आणि नेहमीचं लेटरहेड लावून ठेवलेली 'नॉर्मल' टेम्प्लेट शेजारच्या टेम्प्लेट्समध्ये. आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल बहुतेकदा डॉक्युमेंट्समध्येच सापडते. स्टिकी नोट्सवर पिवळ्या चिठ्ठ्या लिहिण्याची सवय असेल तर लोकलमधल्या पॅकेजेसमध्ये स्टिकीनोट्सच्या नावाचं फोल्डर शोधा. त्याच्या लोकलस्टेटमध्ये 'प्लम' नावाची डेटाबेस फाइल असते, सगळ्या चिठ्ठ्या तिच्यात. तिच्यासोबत त्याच नावाच्या आणखी एक-दोन फायली असतील तर त्याही घ्या.

घरातली पोरं गेम्ससाठी रडत असतील तर स्टीमचं 'स्टीमॲप्स' फोल्डर परत जागेवर ठेवा. गेम इन्स्टॉल म्हटल्यावर स्टीम आधीच्या फायली ओळखते, पन्नास जीबी पुन्हा उतरवायला लागत नाहीत.

डिजिटल सही ज्या यूएसबी टोकनवर असते त्याची काळजी नको. सही टोकनच्या आत आहे, फॉरमॅटने ती जात नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टल मागेल ती सही करण्याची छोटी यंत्रणा बसवली की काम होतं. पिन मात्र आठवायला हवा. पुन्हा पुन्हा चुकवलात तर टोकन लॉक होतं.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. ड्रायव्हर बसला, प्रिंट निघते, पण पट्टी अर्धी या कागदावर आणि अर्धी पुढच्या. कारण तुमच्या कागदाचं माप जुन्या विंडोजमध्ये कुणीतरी हाताने घातलेलं होतं. प्रिंटर्सच्या पानावरून 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडा, 'क्रिएट अ न्यू फॉर्म'वर टिक करा, फूटपट्टीने कागद मोजा, माप घाला, नाव द्या, मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तो फॉर्म निवडा. कागदाच्या कडेच्या छिद्रांच्या पट्ट्या धरून मोजायचं की सोडून, हे एकदा छापून बघितल्याशिवाय कळत नाही.

सगळंच पुसलं असेल तर

मशीन बंद करा. त्या डिस्कवर आणखी काहीही इन्स्टॉल करू नका, रिकव्हरीचा प्रोग्रॅमसुद्धा नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा. 'टेस्टडिस्क' हा फुकटचा प्रोग्रॅम हरवलेलं पार्टिशन शोधतो. त्याच्या जोडीचा 'फोटोरेक' फायली उकरून काढतो, पण त्यांची नावं जातात. म्हणून लग्नाच्या फोटोंना तो कामाचा, टॅलीच्या डाटाला फारसा नाही. सापडलेलं सगळं तिसऱ्याच डिस्कवर उतरवा. हे झालं फिरणाऱ्या हार्ड डिस्कबद्दल. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर आशा जवळजवळ सोडा. विंडोज तिला 'ही जागा रिकामी झाली' असं कळवतं आणि ती आतून खरोखरच साफ करून टाकते. डाटा लाखमोलाचा असेल तर डिस्कला हात न लावता डाटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

पुढच्या वेळेसाठी

जुनं विंडोज अजून चालू असताना ही दोन कामं करून ठेवा. विंगेट हे विंडोजमधलं प्रोग्रॅम बसवायचं साधन. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'विंगेट एक्सपोर्ट' ही आज्ञा इंग्रजीत देऊन, पुढे डॅश ओ आणि फाइलचं नाव लिहिलं, की बसवलेल्या प्रोग्रॅमपैकी विंगेटला ओळखता येणाऱ्यांची यादी त्या फाइलीत उतरते. नव्या विंडोजवर 'विंगेट इम्पोर्ट', डॅश आय आणि तीच फाइल, की ते सगळे रांगेने बसतात. टॅली वगैरे हाताने. दुसरं, विंडोजचं स्वतःचं 'विंडोज बॅकअप' ॲप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग आणि वायफायचे पासवर्ड ठेवतं. फुकटची जागा ५ जीबीच असल्याने फोटो त्यात कोंबू नका.

आणि डाटाची एक कॉपी दुकानाबाहेर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत कित्येकांनी मशीन वरच्या मजल्यावर नेलं, बॅकअपची डिस्क मात्र खाली ड्रॉवरमध्येच राहिली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा, ४३ ला धोका. आमच्या गल्लीत ३९ ऐकलं की पोती उचलायला घेतात. त्याच वेळी ती डिस्कही खिशात टाकायची, असं काकांनी आता दुकानात लिहूनच लावलंय.

जुनी कॉपी लगेच उडवू नका. निदान एक महिनाअखेर आणि पुढच्या महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची मुदत, तिच्याशिवाय पार पडू द्या. त्या दिवसांत काय राहिलंय ते आपोआप समोर येतं. मग सेटिंगमध्ये सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जाऊन 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' अजून दिसत असेल तर टिक करून काढा. सी ड्राइव्हवर वीस-तीस जीबी जागा मोकळी होते.